मासा भानावर येईस्तोवर

मुखरूभाऊंचा उजवा हात डोक्यावर पडला की केस ओढले जायचे. ते आशीर्वाद म्हणून हात नुसता टेकवायचे, पण तळहाताची कातडी इतकी खरखरीत होती की हात उचलताना दोन-चार केस अडकून सोबत जायचे. लहानपणी आम्ही पोरी त्यांच्या पाया पडायचो आणि लगेच मागे सरायचो. "पळता काऊन? हात हाय, फणी नाई," असं म्हणून ते हसायचे.

तो हात तसा कशानं झाला हे मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी न विसरता येणाऱ्या माणसाबद्दल लिहा असं सांगितलं, तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी शाळेतले गुरुजी निवडले. मीही आधी तसंच ठरवलं होतं. पण कागद समोर घेतला की तो हातच समोर यायचा. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं आधी कोणाला वाचायला द्यावं असं घरी कोणी नाही. जे पाहिलं ते सरळ सांगते.

आमचं गाव मुलचेऱ्यापासून आत, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली आहे. एका अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, दुसऱ्या अंगाला आमचा बौद्ध मोहल्ला आणि मध्ये दोघांची मिळून एक बोरिंग. मुखरूभाऊ ढिवर. माझे बाबा आणि ते चौथीपर्यंत शाळेत एका पट्टीवर बसले. मग बाबा जंगलाच्या कामावर गेले आणि भाऊ तलावात उतरले.

तलावातून ते समुद्रावर कसे पोहोचले, ही गोष्ट ते एवढ्यावरच संपवायचे : "निताईच्या मावशीमुळं." निताई शेजारच्या बंगाली गावातला त्यांचा दोस्त. तिकडची माणसं निर्वासित होऊन आली तेव्हा कोणाला आमच्याकडे जमीन मिळाली, कोणाला अंदमानात. निताईची आई इकडे आली, मावशी तिकडे गेली. त्या मावशीच्या आधारानं हे दोघं घरबांधणीच्या कामाला अंदमानला गेले. निताईला तिकडची हवा मानवली नाही, तो वर्षभरात परतला. मुखरूभाऊंना धक्क्यावर एक बोट दिसली आणि ते राहिले.

ती बोट मासे विकणाऱ्यांची नव्हती. दूरदूरचे पाहुणे ती भाड्यानं घेत, दिवसभर खोल समुद्रात जात आणि काठीनं मोठाले मासे धरत. टूना मिळाला तर खायला ठेवत. पण ज्याच्यासाठी ते मुख्यतः येत, तो मासा वेगळाच होता. त्याच्या पाठीवर माणसाएवढ्या लांबीचं शीड, तोंडाला भाल्यासारखी चोच. बोटीचा ड्रायव्हर सेल्वम तमिळ होता, त्याच्या भाषेतल्या नावाचा अर्थ मोरमासा. मुखरूभाऊ मोरमासाच म्हणत. आणि हा मासा धरून, पाहून, परत सोडून द्यायचा.

पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद. तेव्हा भाऊ गावी यायचे आणि दिवाळी झाली की जायचे. ते आले की पानठेल्यावर एक ठरलेला खेळ चालायचा.

"काऊन गा मुखरू, यंदा किती मासे सोडले?"

"पकडले तितले सोडले."

"मंग गेलता कायले?"

भाऊ यावर विचार करायचे. खरंच विचार करायचे, चिडायचे नाहीत. मग म्हणायचे, "सोडाले पकडा लागते ना गा." ठेला हसायचा. गावात त्यांचं नाव सोड्या पडलं होतं. मोबाइलमध्ये त्यांनी मोरमाशाचा उडी मारतानाचा व्हिडिओ आणला होता, तोही कोणी मानला नाही. "आजकाल मोबाइलमधी वाघ नाचते," ठेलेवाला म्हणाला, "मंग मासा उडते त्यात काय?" मासा धरून सोडला म्हणजे पुराव्याला काही उरतच नाही. त्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त तो तळहात होता, आणि तळहात तर गावात सगळ्यांचेच खरखरीत.

त्यांच्या सवयी समुद्रानं लावलेल्या होत्या. कुठल्याही पाण्याजवळ गेले की आधी वर पाहायचे. बोरिंगवर आले तरी आधी आभाळ. पाण्याखाली काय चाललंय ते पाखरांना वरून दिसतं, म्हणून आधी पाखरांकडे पाहायचं, असं ते सांगत. दुसरी सवय केळ्यांची. बोटीवर केळं आलं की मासा येत नाही, असं त्या खेळातले लोक जगभर मानतात म्हणे. भाऊंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की गावच्या तलावात गळ टाकायला जायचं असेल त्या दिवशी घरातही केळं चालायचं नाही. त्यांची बायको सुगंधाबाई मुद्दाम त्याच दिवशी बाजारातून डझनभर आणायच्या.

आणि तिसरी म्हणजे त्यांचं एक बोलणं. घाईत असलेल्या कोणालाही ते म्हणायचे, "दम धर. दम धर बा. घाई नाई." बारावीचा निकाल लागायच्या दिवशी मोबाइलला रेंज नव्हती आणि मी पाळीवर रडकुंडीला येऊन फिरत होते, तेव्हा मलाही ते हेच म्हणाले. मला वाटायचं, ही त्यांची माणसांशी बोलायची रीत आहे. ती मुळात माणसांसाठी नव्हती.

एका पावसाळ्यात आमच्या ओसरीवर बसून त्यांनी बाबांना त्यांच्या पहिल्या हंगामाची गोष्ट सांगितली. मी आत भाकरी करत होते, तिथून ऐकली. आमच्या गावात हातात आलेला मासा पाण्यात परत टाकत नाहीत. पाण्यानं दिलेलं परत केलं तर पाण्याचा अपमान होतो, असं ढिवरांची जुनी माणसं मानतात. म्हणून मासा जाळ्यातून निघाला रे निघाला की त्याच्या डोक्यावर एक दांडा बसतो. हे शिकवावं लागत नाही, बघून बघून हाताला लागतं. तर पहिल्या हंगामात बोटीवर एक बाई पाहुणी होती. मोरमासा पाहायचा म्हणून ती बरीच वर्षं येत होती, आणि त्या दिवशी तिला तो लागला. मासा दमून बोटीच्या कडेला आला. त्याची चोच धरायचं काम मुखरूभाऊंचं. त्यांनी एका हातानं चोच धरली आणि दुसऱ्या हातानं, शेजारी पडलेला लाकडी दांडा उचलून, डोक्यात घातला.

"मी नाई केलं," भाऊ बाबांना म्हणाले. "हातानं केलं. मी पाह्यतच होतो."

ती बाई ओरडली नाही. खाली बसली आणि माशाच्या अंगावरचा रंग जाताना पाहत राहिली. निळा मासा होता, तो डोळ्यांसमोर मातीच्या रंगाचा झाला. संध्याकाळी सगळ्यांनी तो शिजवून खाल्ला, पण भाऊंना घास गेला नाही. मालकानं त्यांना काढलं नाही, हे नवलच. पण त्या दिवसापासून भाऊंनी हातमोजे घालणं सोडलं. माशाची चोच कानशीसारखी असते, म्हणून सगळे मोजे घालून धरतात. भाऊ म्हणायचे, मोज्यातून माशाचा दम कळत नाही. ज्या हातानं तो मारला त्याच हाताला कळलं पाहिजे.

आता तलावाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या तलावात ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचं मोठं जाळं चैतात पडतं, पाणी कमी झाल्यावर. दोन्ही काठांना दोर धरून सगळी ढिवर घरं मिळून ते ओढतात. नियम एकच : ज्या घराचा हात दोराला, त्या घराचा हिस्सा. बायका पाळीवर बसून मासे निवडतात, बाजारात नेतात, पण दोर ओढत नाहीत. मुखरूभाऊ चैतात कधीच नसायचे, तेव्हा बोटीचा हंगाम भरात असतो. म्हणून त्यांच्या जागी सुगंधाबाई पदर खोचून दोराला उभ्या राहू लागल्या. त्यांना कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मोठी माणसं दुसरीकडे पाहायची. असं कितीतरी वर्षं चाललं.

मग गावातली बरीच पोरं मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली आणि दोराला माणसं कमी पडू लागली. संस्थेचा नवा अध्यक्ष तरुण होता, वाईट माणूस नव्हता. त्यानं बैठकीत सांगितलं की ज्याचं नाव संस्थेत आहे त्यानं या चैतात स्वतः यायचं, नाहीतर नाव कटणार. सुगंधाबाईंनी विचारलं, मग माझा हात? तो म्हणाला, "काकू, तुमचा हात मानाचा हाय, पण मोजाचा नाई."

नाव कटलं म्हणजे तलावात घराचा हक्क संपला. भाऊंच्या वडिलांची जागा त्या दोरावर होती आणि पुढे त्यांच्या मुलाची, मंगेशची, असणार होती. सुगंधाबाईंनी फोनवर भाऊंना सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, "पाहू." आणि त्यांच्या घरात पाहू म्हणजे नाही, हे सुगंधाबाईंना लग्नापासून माहीत होतं. भर हंगामात बोट सोडली तर चोचीवर दुसरा माणूस येईल, आणि मग ती जागा त्यांना परत मिळेल की नाही, सांगता येत नव्हतं.

सुगंधाबाई आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मी त्याले आणाले चालली. पोरीले पाठवा माह्यासंग. तिले बोर्ड वाचता येते." माझी हिवाळी परीक्षा संपली होती. आई म्हणाली, जाऊ द्या, समुद्र पाहून येईल. बल्लारशाहून चेन्नईची गाडी आणि तिथून जहाज. माझं इंग्रजी पास होण्यापुरतं आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही.

जहाज सुटल्यावर किनारा दिसेनासा झाला तेव्हा सुगंधाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेल्या, परत आल्या. मला म्हणाल्या, "याची पाळ कुठी हाय वं?"

मी म्हणाले, याला पाळ नाही.

"मंग पाणी थांबते कायले?" त्या म्हणाल्या, आणि जेवायची वेळ होईपर्यंत कठड्यापासून हलल्या नाहीत.

भाऊ धक्क्यावर घ्यायला आले होते. गावात ते जरा वाकून चालायचे, तिथे मला वेगळेच वाटले. ताठ, काळेभोर आणि पायात काही नाही. सुगंधाबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, की चैतात दोराला आला नाहीस तर नाव गेलं, आणि मंगेशला मी काय सांगू ते तूच सांग. भाऊंनी वर पाहिलं. दोन पाखरं धक्क्यावरून गेली. मग ते म्हणाले, "उद्या बोटीवर चाल. मंग बोलू."

त्या दिवशीचे पाहुणे एक म्हातारे गृहस्थ होते, दरवर्षी एकटे येणारे. यायला लागल्यापासून त्यांना मोरमासा एकदाही लागला नव्हता. आम्ही दोघी सोबत आलो तर चालेल का असं भाऊंनी विचारलं, तेव्हा ते हिंदीत म्हणाले की माझं नशीब तर पाहून झालं, आता यांचं पाहू.

बोट सकाळीच निघाली. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवं होतं, मग निळं झालं, आणि मग एका ठिकाणी असं काही निळं झालं की मी हात बुडवून पाहिला. वाटलं, बोटांना शाई लागेल. भाऊ म्हणाले, इथे तळ संपला. म्हणजे तळ आहे, पण आपल्या हिशेबात नाही. मी भूगोल शिकते. खंडान्त उतार परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. तरी पायाखाली तेवढं पाणी आहे या विचारानं मी बोटीच्या मधोमध जाऊन बसले.

मागे काठ्यांवरून दोऱ्या सोडल्या होत्या, त्यांच्या टोकाला रबराचे खोटे मासे उड्या मारत येत होते. भाऊ वर पाहत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी नुसता हात केला आणि सेल्वमनं बोट वळवली. लांबवर पाखरांचा एक ढग खाली-वर होत होता. जवळ गेलो तर पाणी उकळत असल्यासारखं. खालून टूनांचा कळप लहान माशांना वर रेटत होता आणि वरून पाखरं तुटून पडत होती. लहान मासे चांदीच्या पावसासारखे वर उडत. पाण्यातून एक टूना पूर्ण बाहेर आला, धान्याच्या पोत्याएवढा, आणि परत गेला.  सुगंधाबाईंनी माझं मनगट धरलं होतं, त्याची खूण दुसऱ्या दिवशीही होती. त्या माशांना कोणी जाळं टाकलेलं नव्हतं, कोणी खाऊ घातलेलं नव्हतं, ते कोणाच्या हिश्शाचे नव्हते.

पाहुण्यांना एक टूना मिळाला, पण मोरमासा नाही. दुपार होत आली. भाऊ अस्वस्थ झाले. त्यांनी बोटीचे कोपरे पाहिले, डबे पाहिले आणि शेवटी सुगंधाबाईंच्या पिशवीकडे पाहिलं.

"सुगंधा, त्यात काय हाय?"

"आंबाडी. तुह्यासाठी आणली, वाळवून."

"अन त्याच्याखाली?"

खाली केळी होती. आदल्या संध्याकाळी बाजारातून घेतलेली. सेल्वमनं कपाळावर हात मारला. पाहुणे हसायला लागले. सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "एवढा मोठा समुद्र, अन केळाले भेते?" समुद्रात अन्न फेकायचं नाही असा भाऊंचा आणखी एक नियम होता. त्यामुळे केळी बोटीवरून घालवायचा एकच मार्ग उरला. ज्या माणसानं बोटीवर येऊन एकदाही केळं खाल्लं नव्हतं, तो कडेला बसून एकामागून एक केळी खाऊ लागला. आम्हालाही एकेक दिलं. सालं डब्यात बंद केली. भाऊंचं तोंड भरलेलं असतानाच मागची काठी वाकली.

आधी मला खोट्या माशामागे नुसती एक सावली दिसली. मग सावलीवर शीड उघडलं. मिटलेली छत्री उघडते तसं, पण सावकाश, आणि त्यावर निळे ठिपके. मग काठीवरचं दोरीचं रीळ ओरडायला लागलं आणि मासा लांबवर हवेत आला. तो नुसता उडाला नाही, शेपटीवर उभा राहून पाण्यावरून चालला, डोकं झटकत, चोचीनं हवा कापत. त्याच्या अंगावर निळ्या रेघा पेटल्यासारख्या झाल्या होत्या. मोबाइलमधला व्हिडिओ खरा होता. मला एकदम पानठेल्यावरच्या सगळ्यांना तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

पाहुण्यांनी काठी कमरेच्या पट्ट्यात रोवली होती. मासा यायचा, जायचा. पाहुण्यांचा शर्ट घामानं चिकटला. भाऊ त्यांच्या खांद्याशी तोंड नेऊन म्हणत होते, "दम धरो साहब, घाई नहीं," पण काठीला हात लावत नव्हते. सुगंधाबाईंना ते बघवेना. त्या उठल्या.

"अवो, त्या बुढ्या माणसाले हात तरी लावा कोणी."

"लावता येत नाई," भाऊ म्हणाले. "काठीले दुसऱ्याचा हात लागला का मासा त्याचा राह्यत नाई. असा नियम हाय."

"हे बरं हाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "तिकडं म्या हात लावला तरी मासा माहा नाई. अन इथी लावला तर त्याचा नाई."

सेल्वमला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला, त्यांच्या बोलण्याच्या ठेक्यामुळे असेल. भाऊ हसले नाहीत. त्यांनी सुगंधाबाईंकडे वळून पाहिलं. भर झुंजीत, पाण्यावरची नजर काढून. ते तसं कधी करत नाहीत, असं सेल्वमनं मला नंतर हिंदीत सांगितलं.

शेवटी मासा कडेला आला. शीड मिटलेलं, रंग गेलेला, मातकट. आडवा पडला होता. भाऊ पोटावर झोपले, अर्धे बोटीबाहेर, आणि उघड्या उजव्या हातानं चोच धरली. गळ काढला. पाहुण्यांनी वाकून माशाच्या पाठीला दोन बोटं लावली आणि ते मागे बसले. डोळे पुसत होते. मला वाटलं, आता सोडतील. पण भाऊंनी सोडला नाही.

त्यांनी सेल्वमला खूण केली. बोट अगदी सावकाश पुढे जाऊ लागली. भाऊ माशाला पाण्याखाली धरून सोबत नेत होते, तोंड पुढे, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून वाहत राहावं. दमलेला मासा तसाच सोडला तर बुडून मरतो. मासा बुडतो, हे मला तेव्हा कळलं. आणि भाऊ त्याच्याशी बोलत होते.

"दम धर. दम धर बा. घाई नाई."

 मी घड्याळ पाहिलं नाही, पण ऊन बोटीच्या एका काठावरून सरकलं. मग भाऊ मान न वळवता म्हणाले, "सुगंधा, ये. धर."

त्या शेजारी पोटावर झोपल्या. पदर पाण्यात गेला. भाऊंनी त्यांचा हात चोचीवर ठेवला आणि आपला काढून माशाच्या पाठीखाली घातला.

"सोडाचं कवा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"तो सांगते."

मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर होते. मला माशाच्या बाजूवर एक रेघ निळी होताना दिसली. मग दुसरी. जसं चुलीत फुंकल्यावर निखारा एका टोकाकडून लाल होत जातो तसा तो मासा डोक्याकडून शेपटीकडे निळा होत गेला. शीड थोडं उचललं. सुगंधाबाईंच्या हातात चोच वळली, आणि त्या एकदम म्हणाल्या, "सांगतलं." आणि बोटं उघडली.

मासा गेला. कुठे गेला तेही दिसलं नाही. नुसतं निळं पाणी.

परत येताना सुगंधाबाई आपला तळहात पाहत होत्या. चोचीनं सोलवटला होता. भाऊंनी त्यावर समुद्राचं पाणी ओतलं आणि म्हणाले, "चैतात येतो."

"अन इथलं?"

"इथलं पाहू."

पाहू म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.  रात्री आंबाडी घालून भाऊंनी टूनाचं कालवण केलं, म्हाताऱ्या पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं.

चैतात ते आले. जाळं पडायचं त्या दिवशी मीही गावी होते, दुपारच्या बसनं चंद्रपूरला परतायचं होतं. पाळीवर सगळा गाव. "सोड्या आला" म्हणून माणसांनी आरडाओरडा केला, पण त्यात आनंद होता. अध्यक्ष स्वतः पुढे आला, "भाऊ, तुमी आले, नाव राह्यलं," म्हणाला. मुखरूभाऊ गुडघाभर पाण्यात उतरले, वडिलांच्या जागेवर गेले आणि दोर हातात घेतला. थोडा वेळ धरून उभे राहिले. मग त्यांनी पाळीकडे पाहून हाक मारली.

"सुगंधा, ये इकडं."

त्या टोपली खाली ठेवून आल्या. भाऊंनी दोर त्यांच्या हातात दिला.

अध्यक्ष म्हणाला, "भाऊ, हे कसं? बाई दोराले, असं कवा झालं नाई."

"इतले साल हेच होऊन राह्यलं," भाऊ म्हणाले. "तुमी तिकडं पाह्यत नव्हते, एवढंच." त्यांनी सुगंधाबाईंचा मोकळा हात घेऊन उलटा केला आणि आपला तळहात त्याच्याशेजारी धरला. "पाह्य बा. यातला दोराचा हात कोणता, तूच सांग."

अध्यक्षानं पाहिलं. मीही जवळ होते. सुगंधाबाईंच्या तळहातावर दोराचे आडवे घट्टे होते, जुने, पिवळे, आणि त्यावर चोचीनं सोललेली नवी कातडी. मुखरूभाऊंचा हात कानशीसारखा होता, पण त्यावर दोराची एकही रेघ नव्हती.  मागच्या जागेवर गावातले सगळ्यांत म्हातारे ढिवर उभे होते. ते अर्धं पाऊल मागे सरले, सुगंधाबाईंना पाय रोवायला जागा झाली, आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "पाणी तापून राह्यलं. वढा."

माणसं ओढू लागली.

हिस्सा निघाला तेव्हा त्यांच्या घराचा निघाला, आणि सुगंधाबाईंच्या हातावर मोजून दिला, असं आईनं मला नंतर फोनवर सांगितलं. त्यानंतर काही दिवसांनी भाऊ परत गेले. बोटीनं त्यांची जागा ठेवली होती की नाही ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पावसाळ्यात ते आले तेव्हा मी इथे हॉस्टेलवर होते. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जाळं पडलं त्याच दिवशी.

बस पाळीवरूनच जाते. मी खिडकीशी बसले होते. खाली पाण्यात दोराला ओळीनं माणसं आणि मध्ये एक हिरवं लुगडं. जाळं जड झालं होतं, ओळ मागे झुकली होती. वर पाळीवर बायकांची ओळ, टोपल्या पुढे घेऊन, आणि त्या ओळीत एकटा पुरुष, मुखरूभाऊ. बायका त्यांना काहीतरी बोलून हसत होत्या. त्यांनी आधी वर पाहिलं, बगळे फिरत होते तिकडे. मग दोराकडे. त्यांचा उजवा हात पुढे आला होता, मांडीच्या थोडा वर, बोटं अर्धी मिटलेली, आणि तो हवेत सावकाश पुढे जात होता, पाण्यात काहीतरी धरलं असावं तसा. ओठ हलत होते. बस वळेपर्यंत तो हात तसाच होता, उघडला नव्हता.